धातूच्या पत्र्याचं छोटं मॉडेल जोडताना: आधी काय, मग काय आणि हात कुठे चुकतो

पाकीट फोडायचं, पत्रा बाहेर काढायचा, कटर उचलायचा आणि सगळेच्या सगळे भाग कापून वाटीत जमा करायचे. नवशिका माणूस बहुधा अशीच सुरुवात करतो. मीही केली होती. तासाभरानं वाटीत एकसारखे दिसणारे डझनभर तुकडे असतात आणि त्यातला डावा कुठला, उजवा कुठला हे सांगायला कोणी नसतं. भागाचा नंबर बहुतेक वेळा पत्र्याच्या चौकटीवर किंवा सूचनापत्रकातल्या नकाशावर असतो, सुट्या तुकड्यावर नाही. चौकट कचऱ्यात गेली की तो नंबरही गेला.

मेटल अर्थ, पीसकूल किंवा तसल्याच इतर संचांमध्ये मिळणाऱ्या, बिनगोंदाच्या मॉडेल्सबद्दल हे सगळं आहे. पत्रा स्टेनलेस स्टीलचा नाहीतर पितळेचा, पोस्टकार्डाइतका पातळ. भागाच्या कडेला इवलेसे कान असतात. त्यांना इथे टॅबच म्हणतो, कारण दुकानातही तेच म्हणतात. टॅब दुसऱ्या भागातल्या खाचेत जातो आणि पलीकडून वाकवून किंवा पीळ देऊन बंद होतो. सगळा कारभार एवढाच. पण तो टॅब दीड-दोन मिलिमीटरचा असतो आणि धातू एकाच जागी पुन्हा पुन्हा वाकवला की तिथे कडक होत जातो. पहिल्यांदा वाकतो, दुसऱ्यांदा कुरकुरतो, तिसऱ्यांदा हातात येतो. पुढचा सगळा क्रम या एका गोष्टीभोवती बेतलेला आहे: कुठलीही घडी शक्यतो एकदाच घालायची.

उदाहरणासाठी वाफेचं इंजिन घेतो. त्यात पेटीसारखी केबिन आहे, नळीसारखा बॉयलर आहे, वरती छोटा घुमट आहे आणि एकसारखी चाकं आहेत. म्हणजे जेवढे त्रास असू शकतात तेवढे सगळे.

१. हत्यारं: तीन चांगली, बाकी घरातली

विकत घ्यायच्या वस्तू तीनच.

पहिली, फ्लश कटर, म्हणजे ज्याची पाती एका बाजूनं सपाट असतात असा छोटा निपर. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात वायर कापायला मिळतो तो चालतो. साधी मोठी कटर-पक्कड नको. ती कापत नाही, चिरडते.

दुसरी, लांब नाकाची बारीक पक्कड. तिच्या जबड्याला आतून दाते नसावेत. दातेरी पक्कड पत्र्यावर कायमचे ओरखडे उठवते आणि ते नंतर कशानंही जात नाहीत. दुकानदार हटकून दातेरीच पुढे करतो, तेव्हा जबडा उघडून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. दागिन्यांच्या कामाची हत्यारं विकणाऱ्याकडे गुळगुळीत जबड्याची लगेच मिळते. पुण्यात बोहरी आळी आणि मुंबईत नागदेवी स्ट्रीट भागात हत्यारांची दुकानं ओळीनं आहेत, एक फेरी मारलीत तर हातात धरून, तोलून घेता येतं.

तिसरी, रुंद आणि सपाट जबड्याची पक्कड. लोक हिच्याशिवाय भागवायला बघतात आणि मग लांब घड्या नागमोडी येतात.

बाकी सगळं घरात असतं. टोकदार चिमटा, स्टीलची पट्टी, जुना माउस पॅड किंवा रबरी चपलेचा तळ, टूथपिक, कागदी चिकटपट्टी, उजेड एका बाजूनं पाडता येईल असा टेबललॅम्प. चाळिशी लागलेली असेल तर चष्मा आणि वर भिंग. भिंगाला लाजू नका. गोल भाग वळवायला वेगवेगळ्या जाडीच्या दांड्या लागतील: उदबत्तीची काडी, बॉलपेनची रिफील, पेन्सिल, एएए सेल (१०.५ मिमी), एए सेल (१४.५ मिमी). ड्रिल बिट्सचा संच घरात असेल तर फारच छान, त्यांच्या मागच्या गुळगुळीत दांड्यांइतकं सोयीचं दुसरं काही नाही.

रंगीत छापाचं मॉडेल असेल तर पक्कडीच्या दोन्ही जबड्यांना कागदी चिकटपट्टी गुंडाळा. छापलेला रंग पत्र्यावर नुसता वर बसलेला असतो. पक्कड घसरली की खरवडला जातो.

२. टेबल आणि पंखा

पंखा बंद. उकडलं तरी बंद. तीन मिलिमीटरचा हेडलाइट छताच्या पंख्याखाली कापला तर तो तुम्हाला पुन्हा दिसायचा नाही.

टेबलावर एक पांढरी चादर किंवा मोठा कागद अंथरा आणि कडा थोड्या वर मुडपून ठेवा, म्हणजे उडालेला तुकडा घरंगळत जमिनीवर जाणार नाही. खाली मोझॅकच्या लाद्या असतील तर हे कराच. मोझॅकवर पडलेला स्टीलचा तुकडा आणि मोझॅकचा ठिपका यांत फरक करणं माणसाच्या डोळ्याचं काम नाही.

पडलाच तर लोहचुंबक फिरवत बसू नका. पितळेला चुंबक लागत नाही आणि स्टेनलेस स्टीलच्या काही जातींनाही लागत नाही. त्यापेक्षा खोलीतला दिवा बंद करा आणि मोबाइलचा टॉर्च जमिनीला टेकवून आडवा फिरवा. धातू चमकतो आणि त्याची लांब सावली पडते. व्हॅक्यूम क्लीनर असेल तर नळीच्या तोंडाला पातळ मोजा बांधून ओढा, तुकडा मोज्यावर अडकतो. माझ्या इंजिनाची वाफेची शिट्टी मात्र दोन दिवसांनी चपलेच्या पट्ट्यात सापडली. तिथे कुठलीच युक्ती पोचली नव्हती.

कापताना चष्मा असू द्या. निपरमधून सुटलेला पत्र्याचा कण डोळ्याच्याच दिशेनं उडतो. पत्र्याच्या कापलेल्या कडा आणि उरलेले काटे धारदार असतात, ते एका झाकणाच्या डबीत टाका. घरात रांगतं मूल असेल तर डबी टेबलाच्या मधोमध.

३. सूचनापत्रक: कटरला हात लावण्याआधी दोनदा

या पत्रकांत शब्द जवळजवळ नसतातच, नुसती चित्रं. पहिल्यांदा वाचताना पूर्ण मॉडेल कसं उभं राहतं ते बघा. दुसऱ्यांदा हातात पेन्सिल घेऊन चार गोष्टी शोधा.

खुणांचा अर्थ. टॅब वाकवायचा की त्याला पीळ द्यायचा हे दोन वेगळ्या चिन्हांनी दाखवलेलं असतं. त्याची यादी पत्रकावरच कुठेतरी कोपऱ्यात असते. कंपनीगणिक चिन्हं बदलतात, म्हणून मागच्या मॉडेलच्या आठवणीवर जाऊ नका.

कोरीव बाजू. पत्र्याच्या एका बाजूला रिव्हेट, खिडक्या, फळ्यांच्या रेषा कोरलेल्या असतात, दुसरी बाजू साधारणपणे कोरी. वेगळं काही सांगितलं नसेल तर कोरीव बाजू बाहेर येते. मी एका बॉयलरवर अख्खी संध्याकाळ घालवली, अगदी देखणी नळी वळवली आणि मग लक्षात आलं की रिव्हेट सगळे आतल्या बाजूला आहेत. इंजिन बाहेरून गुळगुळीत, आतून सुशोभित.

किती नग. चित्राशेजारी ×२, ×४ असं लिहिलेलं असतं. ते नजरेतून निसटलं की एक चाक जोडून माणूस पुढच्या पायरीवर जातो.

सारखे दिसणारे पण सारखे नसलेले भाग. केबिनची डावी आणि उजवी भिंत हा नेहमीचा सापळा. चित्रात खाच वरच्या कडेपासून किती लांब आहे, कुठल्या बाजूला दोन आहेत आणि कुठल्या बाजूला एक, हे मोजा. अशा जोड्यांवर चौकटीत असतानाच, कोऱ्या बाजूला बारीक मार्करनं डा आणि उ लिहून ठेवा. नंतर स्पिरिटनं पुसता येतं.

तपासणी: डोळे झाकून पत्रकातली कुठलीही पायरी निवडा. त्यातला प्रत्येक भाग पत्र्यावर बोट ठेवून दाखवता येतोय का? येत नसेल तर अजून एकदा वाचा.

४. कापणं: एका पायरीपुरतंच

ज्या पायरीवर आहात तिचे भाग कापा. पुढचे नाही.

प्रत्येक भाग चौकटीला दोन-चार बारीक जोडांनी धरलेला असतो. आणि इथे पहिली महागडी चूक होते: जोड समजून टॅब कापला जातो. ओळखायची खूण सोपी आहे. जोड एका टोकाला भागाला आणि दुसऱ्या टोकाला चौकटीला चिकटलेला असतो. टॅबचं दुसरं टोक मोकळं असतं. कधीकधी मात्र जोड थेट टॅबच्या टोकालाच लावलेला असतो आणि मग दोन्ही मिळून एकच लांब काडी दिसते. अशा वेळी शेजारच्या मोकळ्या टॅबची लांबी बघा आणि तेवढी सोडून पुढे कापा.

निपरची सपाट बाजू भागाकडे, वाटी असलेली बाजू चौकटीकडे. उलटं धरलंत तर भागाला काटा राहतो. शेवटचा जोड कापताना भागावर बोट टेकवून ठेवा, नाहीतर तो उडतो. जोड हातानं हलवून हलवून तोडायचा मोह आवरा. जाड भाग निघेलही, पण नाजूक कठडा किंवा शिडी असेल तर जोडाआधी तीच पिळवटून निघते.

उरलेला बारीक काटा बोटाला लागला तर नखांच्या कानसीनं एकाच दिशेनं दोन-तीन हात मारा. पुढे-मागे घासलं की कड चकाकते आणि डाग पडल्यासारखी दिसते.

इशारा: खाचांच्या तोंडाशी काटा राहिला तर टॅब आत जात नाही आणि माणूस खाच छोटी आहे म्हणून कंपनीला शिव्या देत टॅब दाबतो. आधी काटा बघा.

५. घड्या: आधी बारीक, मग मोठ्या

कापलेल्या भागावर पहिल्यांदा सगळ्यात लहान घड्या घाला: पायरी, दाराचं हँडल, आरशाचा दांडा. भाग अजून सपाट आहे, पक्कड सगळीकडे पोचते. पेटी एकदा उभी राहिली की आतल्या कोपऱ्यात पक्कड शिरत नाही, आणि बाहेरून ढकलायला गेलं की भिंत आत बसते.

मग मोठे काटकोन. रुंद पक्कडीनं घडीच्या रेषेला अगदी लागून पत्रा धरा, रेषा जबड्याच्या कडेशी समांतर आहे का बघा आणि दुसरी बाजू टेबलाच्या कडेवर किंवा बोटाच्या पेऱ्यानं सगळीकडून सारखी दाबा. घडी जबड्यापेक्षा लांब असेल तर एका टोकापासून वाकवत जाऊ नका, पत्रा पिळतो. दोन स्टीलच्या पट्ट्यांमध्ये तो घट्ट दाबून धरा आणि तिसऱ्या पट्टीनं पूर्ण लांबी एकदम उचला. लाटलेला पापड उलटताना जसा सगळा हात खाली घालतो, तसं.

काटकोन म्हणजे नव्वद अंश, डोळ्यांनी नाही तर कशावर तरी टेकवून. काडेपेटीचा कोपरा चालतो. पितळ घडीनंतर जवळजवळ जिथल्या तिथे राहतं, स्टील थोडं परत उघडतं, म्हणून स्टीलला एक-दोन अंश जास्त द्या.

तपासणी: पेटीची चौथी भिंत बंद करण्याआधी थांबा. या भिंतीच्या आतल्या खाचांत नंतर काही बसणार आहे का? असेल तर ते आत्ता बसवा. पत्रकातली पुढची दोन पानं उलटून बघितल्याशिवाय कुठलीही पेटी बंद करायची नाही, हा माझा नियम आहे आणि तो मी तीन पेट्या पुन्हा उघडून मिळवला आहे.

६. गोल भाग: बॉयलर

सगळ्यात जास्त मॉडेल्स इथे रुसतात, म्हणून इथे जरा सावकाश.

आधी मोजा. बॉयलरचा पत्रा ज्या बाजूनं वळायचा आहे ती बाजू पट्टीवर ठेवा. समजा ती ३८ मिलिमीटर भरली. ३.१४ नं भागलं की नळीचा व्यास साधारण १२ मिलिमीटर येतो. आता १२ ची दांडी घ्यायची नाही. पत्रा वळवून सोडला की तो उलगडतो, म्हणून दांडी बारीक हवी: ९ किंवा १०. आपल्या हाताशी एएए सेल आहे, १०.५, तो थोडा जाड आहे, पण चालेल, थोडं जास्त दाबावं लागेल.

पत्रा माउस पॅडवर कोरीव बाजू खाली करून ठेवा. कोरीव बाजू बाहेर हवी आहे, म्हणजे दांडी कोऱ्या बाजूवर फिरणार. हे वाक्य दोनदा वाचा, मग दांडी उचला. आता लाटणं फिरवतो तशी दांडी पत्र्यावरून पुढे-मागे फिरवा, दाब देत. खाली रबर मऊ असल्यामुळे दांडीखाली पत्रा किंचित दबतो आणि त्याच्या कडा आपोआप वर उठायला लागतात. पाच-सहा फेऱ्यांत पत्र्याचा पन्हाळीसारखा आकार होतो. तिथून पुढे तो दांडीभोवती अंगठ्यांनी गुंडाळत जा.

दोन जागा दगा देतात. एक, दोन्ही टोकांच्या कडा. दांडी कडेपर्यंत नीट फिरत नाही म्हणून शेवटचे दोन-तीन मिलिमीटर सपाट राहतात आणि नळीचा आकार थेंबासारखा होतो. कडेचा भाग आधीच, पत्रा सपाट असताना, दांडीवर टेकवून पक्कडीनं हलकेच वळवून घ्या. दोन, मधल्या खाचांची ओळ. जिथे खाचा आहेत तिथे धातू कमी, म्हणून पत्रा तिथेच मोडतो आणि नळीला कोपरा येतो. त्या ओळीवर दांडी फिरवताना दाब अर्धा करा आणि आजूबाजूला थोडा जास्त द्या. कोपरा आलाच तर नळीत बारीक दांडी घालून बाहेरून चमच्याच्या पाठीनं हलके चोळा. ठोकू नका.

नळीची दोन टोकं सहज एकमेकांना भेटायला हवीत. बोटांनी दाबून धरल्यावर भेटतात आणि सोडली की उघडतात, अशा अवस्थेत टॅब लावायला घेतला तर सगळा ताण त्या दोन टॅबवर येतो. दहा मिनिटांनी टक् असा आवाज येतो. तो आवाज ओळखीचा व्हायच्या आत नळी पुन्हा दांडीवर घ्या.

निमुळते भाग, म्हणजे धुरांड्याची टोपी किंवा मनोऱ्याचं टोक, वळवताना दांडीही निमुळती हवी. बॉलपेनचं पुढचं टोक लहानांना पुरतं. रुंद बाजू आणि अरुंद बाजू आलटून पालटून थोडी थोडी वळवा.

७. घुमट: मोदकाची रीत

घुमटाचा भाग पत्र्यावर फुलासारखा दिसतो, मधे एक वर्तुळ आणि भोवती पाकळ्या. एकेक पाकळी पूर्ण वाकवून पुढच्या पाकळीकडे गेलात तर शेवटची पाकळी बसत नाही. उकडीच्या मोदकाच्या पाकळ्या जशा सगळ्या मिळून हळूहळू वर आणतो, तसंच इथे. पहिल्या फेरीत प्रत्येक पाकळी थोडी, दुसऱ्या फेरीत आणखी थोडी, तिसरीत जवळजवळ मिटलेल्या. शिवाय पाकळीला मुळाशी नुसती घडी नको, तिच्या लांबीभर बाक हवा. काचेची गोटी किंवा पेनाच्या टोपणाचं गोल टोक खाली ठेवून पाकळी अंगठ्यानं दाबली की तो येतो.

पाकळ्यांची टोकं खालच्या कड्याच्या खाचांत एकदम बसत नाहीत. समोरासमोरच्या दोन आधी बसवा, टॅब अर्धेच वाकवा, मग उरलेल्या दोनदोनच्या जोड्यांनी. सगळ्या बसल्यावर टॅब पूर्ण बंद.

८. बिनबंदची जुळणी

दोन भाग एकत्र आणा, सगळे टॅब सगळ्या खाचांत घाला आणि काहीही न वाकवता मॉडेल समोर धरा. एक मिनिट द्या. कोरीव बाजू बाहेर? खिडक्या एका रेषेत? खालच्या बाजूच्या रिकाम्या खाचा पत्रकातल्या चित्राशी जुळतात? फोन काढून फोटो घ्या आणि फोटोत बघा. फोटोत चुका लवकर दिसतात, का ते विचारू नका.

एखादा टॅब आत जात नसेल तर टॅब दाबायचा नाही, खाच बघायची. टूथपिकचं टोक खाचेतून फिरवा. तरी नाही गेला तर बहुधा भाग उलटा आहे.

हा टप्पा लोक गाळतात. वर एकदाच वाकतो म्हटलं, ते याच टॅबांसाठी.

९. टॅब बंद करणं: वाकवायचा की पिळायचा

पत्रकात जे दाखवलं आहे ते करा, पण त्यामागचं कारण कळलं तर हात नेमका चालतो.

वाकवलेला टॅब पत्र्याला चपटा बसतो. मॉडेलच्या आत जागा कमी असेल किंवा वरून दुसरा भाग टेकणार असेल तर वाकवणं बरं. तोटा असा की वाकवताना भाग थोडा मागे सरकतो आणि सांध्यात फट राहते. पिळलेला टॅब सांधा घट्ट ओढून धरतो, पण तो उभा राहतो, जागा खातो आणि पक्कड फिरवायला वाव लागतो.

पीळ देताना: लांब नाकाच्या पक्कडीनं टॅब मुळाशी, खाचेला लागून धरा. टोकाला धरून पिळलात तर टॅब स्क्रूसारखा होतो आणि मुळाशी काहीच घडत नाही. धरल्यावर किंचित बाहेर ओढा, म्हणजे दोन्ही भाग एकमेकांना चिकटतील, आणि ओढ कायम ठेवून पाव फेरी फिरवा. बहुतेक वेळा पाव फेरीच्या आधीच, पंचेचाळीस अंशांच्या आसपास, सांधा पकडतो. पकडला की थांबा. अजून थोडं घट्ट करायच्या नादात जितके टॅब मी गमावले तितके दुसऱ्या कशात नाही.

वाकवताना: चिमट्यानं टॅब अर्धा झुकवा, मग स्क्रूड्रायव्हरच्या चपट्या टोकानं मुळापासून दाबत खाली बसवा. दुसरा हात पलीकडून भाग दाबून धरतो आहे ना?

चार टॅब असतील तर स्टेपनी बदलताना नट जसे आवळतो तसे, समोरासमोरचे. एका बाजूचे दोन आधी पक्के केले की दुसरी बाजू उघडी पडते.

इशारा: दिसणाऱ्या बाजूला आलेला पिळलेला टॅब खटकत असेल तर तो पिळून झाल्यावर टोकाकडून निपरनं छाटता येतो, मुळाशी थोडा ठेवून. पण हे सगळं मॉडेल उभं राहिल्यावर, आधी नाही.

१०. मोठे तुकडे एकत्र आणणं

आता हातात केबिन आहे, बॉयलर आहे, इंजिनाचा खालचा सांगाडा आहे. ही पायरी छोटी, पण आतापर्यंतचं काम इथे चुरगळतं. बॉयलर हातात घट्ट धरून टॅब पिळला जातो आणि बोटांचा दाब नळीला चपटी करतो. नळीच्या आत टिश्यू पेपर सैलसर कोंबून ठेवा, किंवा पेन्सिल. सांधा बंद झाल्यावर टिश्यू बाहेर काढायची वाट राहणार आहे का, हे आधी बघा. माझ्या एका मनोऱ्यात तो आजही आहे.

चाकं, कठडे, शिड्या, दिवे सगळ्यात शेवटी, पत्रकात आधी दाखवले असले तरी. पत्रकाचा क्रम मोडायची मुभा मी फक्त इथे घेतो. बाहेर आलेला नाजूक भाग आधी लावला की पुढच्या प्रत्येक पायरीत तो हाताला अडकतो. मात्र त्याचा टॅब आतून बंद करायचा असेल तर मुभा रद्द, क्रमानंच जा.

पाऊण तासानं उठा. डोळे थकले की बोटं जोर लावायला लागतात.

११. तुटलं, वाकलं, चुकलं

टॅब चुकीच्या बाजूला वाकला. उलट ओढू नका. रुंद पक्कडीच्या जबड्यात चपटा दाबून सरळ करा, एकदाच, आणि पुढची घडी मूळ घडीच्या जागी न घालता किंचित वर घाला.

टॅब तुटला. त्या सांध्याला दुसरे तीन असतील तर विसरून जा. तो एकटाच असेल तर सुपरग्लू. ट्यूब थेट लावायची नाही. झाकणात एक थेंब काढा, टूथपिकचं टोक बुडवा, जादा झटका आणि सांध्याच्या आतल्या बाजूला टेकवा. या गोंदाची वाफ आजूबाजूच्या धातूवर पांढुरका थर धरते, म्हणून कमीत कमी घ्या, खिडकी उघडी ठेवा आणि मॉडेल निदान एक दिवस काचेच्या पेटीत बंद करू नका. रंगीत मॉडेलवर सांडलेला गोंद ॲसिटोननं काढायला जाऊ नका, रंगच निघेल.

पत्र्याला सुरकुती पडली. काचेवर ठेवून चमच्याच्या पाठीनं, सुरकुतीच्या लांबीच्या दिशेनं चोळा. पूर्ण जात नाही, पण दोन हात लांबून दिसत नाही.

भाग हरवला किंवा पत्राच मुळात सदोष निघाला. आधी चौकटीत परत बघा. न कापलेला भाग शोधत लोक सोफा उलटा करतात. नसेलच तर पत्रकाचा फोटो आणि भागाचा नंबर घेऊन विक्रेत्याला लिहा.

१२. पुसणं आणि ठेवणं

पावसाळ्यात बोटांचे घामट ठसे स्टीलवरसुद्धा उमटतात आणि पितळेवर तर काळपट होऊन बसतात. मॉडेल पूर्ण झाल्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या कानकाडीनं ठसे टिपा. रंगीत असेल तर आधी एखाद्या लपलेल्या कोपऱ्यावर करून बघा. पितळेच्या मॉडेलवर चमक टिकवायची असेल तर पुसून वाळल्यावर लगेच पारदर्शक लॅकरचा पातळ स्प्रे मारा. ठशांवरून मारलात तर ठसे कायमचे आत राहतील.

मुंबई, कोकण, गोव्यात खिडकीशी ठेवू नका. खारी हवा स्टेनलेसलाही सोडत नाही, बारीक ठिपके पडतात. झाकणाची काचपेटी आणि तिच्या कोपऱ्यात सिलिका जेलची पुडी, बुटांच्या खोक्यात येते ती. धूळ झटकायला कापड नको, धागे टॅबना अडकतात. रंगकामाचा मऊ ब्रश घ्या.

आणि भाग निघून गेलेली पत्र्याची चौकट लगेच भंगारात देऊ नका. पुढच्या मॉडेलवर हात ठेवण्याआधी घडी आणि पीळ यांचा सराव तिच्यावरच करता येतो, कारण धातू तोच, जाडी तीच. तुटलेल्या सांध्याला आतून ठिगळ लावायला तिच्यातून दोन मिलिमीटरची पट्टी कापता येते. माझ्या इंजिनाच्या केबिनचं छप्पर गेली काही वर्षं अशाच एका पट्टीवर उभं आहे.